शून्यावरची रेषा

दसरा होऊन गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी दादाचा फोन आला. मी कोपरच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"अगं, विमान बिघडलंय," तो म्हणाला. "येऊन बघतेस का जरा?"

विमान म्हणजे संगणकावरचं. दादा लढाऊ विमानांचा एक खेळ खेळतो. त्याला नुसता खेळ म्हटलेलं दादाला आवडत नाही. त्यात इंजिन तापतं, इंधन संपतं, आडवा वारा आला तर विमान धावपट्टीवरून घसरतं. जुन्या महायुद्धातली पंख्याची विमानं त्याला आवडतात. रविवारी दुपारी कुठकुठल्या गावांतली तरुण पोरं इंटरनेटवर जमतात आणि दादा त्यांच्यासोबत उडतो. ती सगळी त्याला काका म्हणतात.

"काय होतंय नक्की?" मी विचारलं. मी एका कंपनीत संगणक दुरुस्तीच्या विभागात काम करते. लोक फक्त 'चालत नाही' एवढंच सांगतात. काय होतं आणि केव्हापासून, हे आम्हाला विचारून विचारून काढून घ्यावं लागतं.

"दोन भानगडी आहेत. एक म्हणजे समोर बरीच विमानं आली की चित्र अडकतं. आणि दुसरं..." तो अडखळला. "सरळ उडत नाही ते. मी सरळ धरतो, पण नाक हलत राहतं."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून," म्हणाला.

फोन ठेवला आणि उरलेले कपडे बादलीतच सोडून मी निघाले. एवढी घाई करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण 'मी सरळ धरतो, पण हलतं' हे वाक्य मी आमच्या घरात पूर्वी ऐकलेलं होतं.

आमचे बाबा तालुक्याच्या गावी पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळेच्या भिंतीवरच्या. अक्षरं झाली की शेवटी वरची रेषा ओढायची. ती ते पट्टी न लावता, दोरी न धरता, एका दमात ओढायचे. गावात त्या रेषेचं नाव होतं. मग एका वर्षी ती रेषा हलायला लागली. बाबांनी आधी ब्रश बदलला. मग रंग दाट झालाय म्हणून टर्पेंटाइन वाढवलं. मग भिंतच खडबडीत आहे म्हणाले. शेवटी त्यांनी शिडीला दोष दिला आणि दादाला शिडी धरायला नेऊ लागले. दादा तेव्हा दहावीला होता. मी रंगाचा डबा घेऊन शेजारी उभी असायचे. वरून बाबा ओरडायचे, "शिडी हलवू नको रे!" आणि दादा आणखी घट्ट धरायचा.

पुढे बाबांना चहाचा कपही धरता येईना. दहावीनंतर दादाने शिक्षण सोडलं, एका गाववाल्याच्या ओळखीने ठाण्याला आला, बांधकामावर हेल्पर म्हणून लागला. मी शिकले, ती त्याच्यामुळे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीदानाच्या फोटोत बाबा आहेत, आई आहे, दादा नाही. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तो क्रेनवर होता.

आजही तो क्रेनच चालवतो. उंच इमारतींच्या कामावर जी मनोऱ्यासारखी क्रेन उभी असते, तिच्या टोकाजवळच्या काचेच्या खोलीत बसून. हल्ली तो जी चालवतो ती त्याच्या घरासमोरच, ठाण्यातल्या वर्तकनगरमध्ये आहे. तिथल्या जुन्या वसाहती पाडून टोलेजंग इमारती उभ्या राहतायत. दादाच्या गॅलरीतून ती क्रेन समोर दिसते. खोलीत त्याच्या दोन्ही हातांशी एकेक लिव्हर असते. उजव्या लिव्हरला ओझं लटकतं असं म्हणा: सळ्यांचे गठ्ठे, काँक्रीटची बादली. आणि त्या ओझ्याखाली माणसं काम करत असतात.

म्हणून ठाण्याला उतरून रिक्षात बसले तेव्हा मी मनाशी एकच म्हणत होते: दोष यंत्रात निघू दे.

दार वहिनीने उघडलं. "आल्या बाई डॉक्टरीण! पेशंट आत आहे. सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही."

"कोणता पेशंट?"

"दोघंही," ती हसत म्हणाली. "एक बंद पडलाय, एक फुगून बसलाय."

दादा पडद्यासमोर बसला होता. ती खुर्ची, तो संगणक, विमान वळवायची ती जॉयस्टिक, सगळं मी त्याला दिलेलं. माझा आधीचा संगणक, त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकून. त्याने माझ्यासाठी जे केलं त्याची परतफेड होत नाही, पण एवढं तरी. दिवसभर उंचावर एकटा बसणारा माणूस संध्याकाळी पुन्हा उंचावर का जातो, असं वहिनी विचारायची. तो म्हणायचा, "वर असताना मला कुठे जाता येतं? इथे जाता येतं."

मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर, ब्लोअर, पेस्टची ट्यूब काढली. माझी स्वतःची जुनी जॉयस्टिकही मी बरोबर आणली होती. आमच्या कामात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशाने गेला ते कधीच कळत नाही.

पहिली भानगड सोपी होती. खेळ चालू करून मी तापमान बघितलं. विमानं गोळा झाली, तापमान चढलं आणि चित्र झटके खाऊ लागलं. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला हळू चालतो, दुसरं काही नाही. बाजूचं झाकण काढलं तर आत करड्या रंगाची गोधडी.

"हे काय ग?" वहिनी वाकून बघत म्हणाली.

"सिमेंट. समोरच्या साइटवरून येतं, खिडकीतून."

"म्हणजे हे दिवसा उडवतात आणि संध्याकाळी यांच्याच मशीनमध्ये जाऊन बसतं!"

"मी क्रेन चालवतो. सिमेंट मी उडवत नाही," दादा म्हणाला.

"हो, तुम्ही फक्त विमानं पाडता."

मी संगणकाचा डबा गॅलरीत नेला आणि ब्लोअर मारला. धुरळा उठून कठड्यापलीकडे गेला. समोर क्रेन उभी होती. रविवार म्हणून काम बंद होतं आणि तिचा लांबलचक आडवा हात आपल्या आपण सावकाश फिरत होता, घरांच्या, झाडांच्या, शाळेच्या पटांगणाच्या डोक्यावरून.

"हा असा कसा फिरतो?" मी विचारलं.

"वर माणूस नसला की फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडतात," वहिनीनेच सांगितलं. इतक्या वर्षांत ती सगळं शिकली आहे. "वारा नेईल तिकडे जाऊ द्यायचं. अडवलं तर क्रेन पडते. मी त्याच्यावरच स्वयंपाक करते, ठाऊक आहे? संध्याकाळी तो हात असा डुलायला लागला की समजायचं, हे खाली उतरले. मग मी कुकर लावते."

प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी, पंख्याखालची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, सगळं जोडलं. आता विमानांचा थवा आला तरी चित्र पाण्यासारखं वाहत होतं. दादाने टाळी वाजवली. मला मात्र दुसऱ्या भानगडीकडे वळायचा धीर होत नव्हता.

जॉयस्टिक तपासायला एक साधा पडदा असतो. स्टिक जशी हलेल तशी त्यावर एक रेषा वरखाली होते. स्टिक सोडून दिली की रेषा शून्यावर येऊन सरळ चालत राहिली पाहिजे. मी दादाला म्हटलं, "हात काढ." त्याने हात मांडीवर ठेवला.

रेषा उड्या मारू लागली. मध्येच एक उंच टोक, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम दोन टोकं. कोणी हात लावलेला नसताना!

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणाले, "स्टिकच खराब आहे!"

"त्यात नाचण्यासारखं काय आहे?" दादा म्हणाला.

मी वायर दुसऱ्या जागी लावून पाहिली, वीज वाचवण्याची सेटिंग बंद केली, शून्य नव्याने ठरवून घेतलं. टोकं तशीच. मग स्टिक उलटी करून स्क्रू काढले. तळाचं झाकण उचललं आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. आत कुंकू होतं. कोपऱ्यात हळदीचा गोळा, झेंडूच्या पाकळीचा तुकडा, आणि जिथे स्टिकची हालचाल मोजली जाते त्या चकतीच्या कडेला अडकलेला अक्षतेचा एक दाणा.

वहिनीने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई!"

"खंडेनवमीला पूजा केलीस याची?" मी विचारलं.

"सगळ्याचीच केली. विळी, शिलाई मशीन, यांचं हेल्मेट. मग हेच एकटं कसं सोडायचं? हे हत्यारच ना यांचं!"

"हत्यार पूजावं, पण त्याला जेवू घालू नये," दादा म्हणाला आणि खो खो हसला. आम्हीही हसलो. मी तर जास्तच हसले. दसऱ्यापासून, तो म्हणाला होता. बरोबर. हिशेब जुळत होता.

स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मी सगळं पुसून काढलं. बोळे लाल होऊन निघत होते. शेवटचा बोळा पांढरा निघाल्यावर स्टिक बंद केली. हात न लावता पडद्यावर पाहिलं: शून्यावर रेषा, सरळ, बाबांनी ओढावी तशी. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले.

जेवलो. वहिनीने वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. ताकाचा पेला तिने मला काठोकाठ दिला, दादाला अर्धा. तो संपल्यावर पुन्हा अर्धा. मी ते पाहिलं, पण तेव्हा काही वाटलं नाही.

दुपारी पोरं जमली. दादाने हेडफोन न लावता आवाज स्पीकरवर घेतला, मला ऐकू यावा म्हणून. बिनीचं विमान पुढे आणि दादाने त्याच्या पंखाला पंख लावून उडायचं, असं त्या दिवशीचं ठरलं होतं. ढगांच्या वर निघाले सगळे.

"काका, जरा लांब राहा ना यार," एक आवाज आला. "तुमचं विमान अजून नाचतंय."

"नाचत नाहीये. दुरुस्त केलंय आज. माझी बहीण आलीय, कंपनीतली इंजिनीअर."

"मग ताईंना सांगा, काकांनाच दुरुस्त करा. भरदुपारी घेऊन बसलेत."

"गप रे, डुकरा."

सगळे हसले. दादाही हसला. मी तपासणीचा पडदा बाजूला उघडा ठेवला होता. त्याच्याकडे पाहिलं आणि माझं हसू थांबलं.

टोकं गेली होती. एकही नव्हतं. पण रेषा सरळ नव्हती. बारीक लाटा होत्या, सारख्या अंतराच्या, सारख्या उंचीच्या, एकामागून एक. कचरा अशा लाटा काढत नाही. वायरही काढत नाही. बिघडलेल्या यंत्राला ताल नसतो.

"दादा, जरा सोड."

त्याने सोडली. रेषा सरळ झाली.

मी धरली. सरळच राहिली.

"धर."

लाटा.

मी पिशवीतून माझी जॉयस्टिक काढली, ती लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दादाने ती धरली. लाटा तशाच आल्या, त्याच अंतराने. आता बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोरांना "नेट गेलं" असं सांगून दादाने आवाज बंद केला. तो पडद्याकडे बघत नव्हता. "ते डेडझोन म्हणून असतं ना," तो म्हणाला. "पोरं सांगतायत, ते वाढव म्हणजे जाईल."

डेडझोन म्हणजे शून्याच्या आजूबाजूची अशी जागा, जिथे स्टिक हलली तरी यंत्राने लक्ष द्यायचं नाही. ती जागा मोठी केली की बारीक हालचाली गिळल्या जातात. पडद्यावरचं एक चिन्ह थोडं सरकवायचं, बस. विमान सरळ उडालं असतं. पोरांनी शाबासकी दिली असती. माझं बोट माऊसवर होतं.

"क्रेनच्या लिव्हरला असतो का रे असा डेडझोन?" मी विचारलं.

"असतोच की. चांगला मोठा असतो. लिव्हर मधे असली आणि थोडी हलली, तर क्रेन ऐकतच नाही. नाहीतर वर बसून माणूस शिंकला तरी खाली सळ्या..."

तो तिथेच थांबला. वर्तकनगरमध्ये, उघड्या आकाशात, रोज शेकडो लोकांच्या समोर काम करणाऱ्या माणसाचं हे अजून कुणालाच का कळलं नाही, ते मला कळलं होतं. त्यालाही आत्ता, बोलता बोलता, कळलं होतं. यंत्र त्याला सांभाळून घेत होतं. लाटा वाढून त्या जागेच्या बाहेर पडेपर्यंत घेत राहिलं असतं.

मी माऊसवरचा हात काढला आणि उगाच, माझ्या कामातला साधा प्रश्न पुन्हा विचारला. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.

मग त्याने स्वतःच हात पुढे केला. स्टिक धरली. पडद्यावर लाटा उठल्या. त्याने मूठ आणखी घट्ट आवळली, मनगटावरच्या शिरा फुगल्या, आणि लाटा मोठ्या झाल्या. तो त्या बघत राहिला.

"शिडी हलत नव्हती, ग," दादा म्हणाला. "मी इतकी घट्ट धरायचो. ती कधीच हलत नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले. दादाचा अर्धाच होता. दादाने आणि मी त्या कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सांडतात हे," ती हलकेच म्हणाली. "म्हणून."

"उद्या काय उचलायचंय?" मी दादाला विचारलं.

"स्लॅबच्या सळ्या. खाली सगळी गँग असणार."

"वर जाऊ नकोस."

"मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. त्याने दुसरं काही शिकायचं वय माझ्या शिक्षणाला दिलं होतं. औषधं असतील, बाबांच्या वेळेपेक्षा आता बरंच काही असेल, आपण डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर, असं मी बोलत राहिले. तो मान हलवत राहिला, म्हणजे हो की नाही ते कळत नव्हतं.

मी त्या दिवशी तिथेच राहिले. सोमवारी सकाळी दादाने नेहमीसारखी अंघोळ केली, देवाला नमस्कार केला, डबा घेतला. हेल्मेटवर अजून दसऱ्याच्या कुंकवाचं बोट होतं. ते हातात घेऊन तो निघाला. वहिनीने "जाताय?" विचारलं. त्याने "येतो" म्हटलं. जाताना माणसं म्हणतातच तसं.

आम्ही दोघी गॅलरीत जाऊन उभ्या राहिलो. समोर अर्धवट उठलेल्या इमारतीच्या माथ्यावर पिवळी हेल्मेटं जमू लागली होती. सळ्यांचे गठ्ठे खाली रचलेले दिसत होते. क्रेनच्या मनोऱ्यात शिडी असते, पण ती आमच्या बाजूने दिसत नाही. कोणी चढतंय की नाही ते कळायला मार्ग नव्हता. फक्त तो आडवा हात दिसत होता, वाऱ्याने सावकाश सरकणारा.

साइटचा भोंगा वाजला.

हात थांबला.

वहिनीने माझा दंड धरला. क्रेन अगदी स्थिर होती, आणि तिच्या टोकाचा हूक नेमका त्या पिवळ्या हेल्मेटांच्या वर होता. आता तो सळ्यांकडे वळणार, खाली उतरून त्यांना लागणार, आणि त्या उचलल्या जाणार. मी डोळे मिटून घेतले नाहीत. बाबांची रेषा मी बघितली होती, तशी ही बघणंही भाग होतं.

मग समोरच्या पिंपळाची पानं हलली आणि हात पुन्हा सरकू लागला. कुठेही न थांबता, कुठलीही घाई नसलेला, तो हेल्मेटांवरून गेला, शाळेवरून गेला, थोडा मागे आला, पुन्हा पुढे गेला. माणूस असं चालवत नाही. माथ्यावरची माणसं वर बघत उभी होती.

"उतरले का?" वहिनीने विचारलं. तिला दुसरा शब्द सुचला नसावा.

"चढलाच नाही," मी म्हटलं.

ती तशीच थोडा वेळ बघत राहिली. डबा भरून दिलेला होता, सकाळचा स्वयंपाक आटपलेला होता. तरी ती आत गेली, तांदूळ धुतले आणि कुकर लावला.